एका कान्जी चिन्हाची वाचने : अर्थ, उच्चार आणि अध्यापन

१. प्रास्ताविक

देवनागरी लिपीत वाढलेल्या अभ्यासकाची अक्षराविषयी एक घट्ट धारणा असते. अक्षर म्हणजे ध्वनीची खूण, ध्वनी जुळले की शब्द आणि शब्द कळला की अर्थ, असा क्रम त्याच्या मनात पक्का बसलेला असतो. जपानी लेखनातील कान्जी चिन्हांशी गाठ पडली की हा क्रम मोडतो. तेथे चिन्ह प्रथम अर्थाकडे बोट दाखवते; ध्वनी मात्र त्या चिन्हाभोवतीच्या शब्दावरून ठरतो. एकाच चिन्हाची तीन, पाच, प्रसंगी त्याहूनही अधिक वाचने असतात. जपानच्या शासनाने नित्य व्यवहारासाठी १९८१ साली १९४५ चिन्हांची यादी प्रसिद्ध केली. २०१० साली ती २१३६ चिन्हांपर्यंत वाढविण्यात आली. या चिन्हांचे अर्थ आणि वाचने एखाद्या कोष्टकाप्रमाणे पाठ करण्याचा प्रयत्न बहुतेक विद्यार्थी करतात आणि त्यांतील बरेच जण मध्येच थकतात.

प्रस्तुत लेखात एकच चिन्ह घेऊन त्याच्या वाचनांची उपपत्ती लावण्याचा प्रयत्न केला आहे. हे चिन्ह जपानी प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या इयत्तेत शिकविले जाते. 'जाणे' आणि 'करणे, पार पाडणे' हे त्याचे दोन प्रमुख अर्थ. येथे त्याचा उल्लेख 'गमनचिन्ह' असा केला आहे. कारण त्याच्या अनेक वाचनांपैकी एखादे त्याचे नाव म्हणून वापरणे आपल्या प्रतिपादनालाच बाधक ठरेल. प्रतिपादन असे की, वाचन हा चिन्हाचा गुणधर्म नसून शब्दाचा गुणधर्म आहे, आणि वाचनांची अनेकता हा गोंधळ नसून भाषेच्या इतिहासाचे साठलेले थर आहेत. हे थर न ओळखता केलेले पाठांतर जसे निष्फळ ठरते, तसाच ते न ओळखता केलेला अनुवादही फसतो. (लिप्यंतरात जपानी दीर्घ ओकार अवग्रहाने दाखविला आहे.)

२. चिन्हाचे रूप

गमनचिन्ह सहा रेघांचे आहे. डावीकडे दोन तिरप्या रेघा व एक उभी रेघ. उजवीकडे दोन आडव्या रेघा आणि खाली आकडी असलेली एक उभी रेघ. चिनी कोशकार शू शेन याने इ. स. १०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या आपल्या कोशात या चिन्हाचा अर्थ माणसाचे चालणे व झपझप जाणे असा दिला. डावे अंग म्हणजे लहान पाऊल आणि उजवे अंग म्हणजे थांबलेले पाऊल, अशी त्याची फोड होती. ही फोड चिन्हाच्या उत्तरकालीन रूपावर आधारलेली होती. १८९९ साली अस्थिलेख विद्वानांच्या दृष्टीस पडले आणि त्यांतील या चिन्हाचे प्राचीन रूप उपलब्ध झाले. तेथे पाऊल नाही, माणूसही नाही. आहे तो चव्हाटा. चार दिशांना फुटणारे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, एवढेच ते चित्र.

या शोधाचे महत्त्व केवळ पुराणवस्तूपुरते नाही. चिन्ह मुळात रस्त्याचे आहे हे ध्यानात घेतले की त्याचे पुढचे सर्व अर्थ एका सूत्रात येतात. रस्ता म्हणजे जाण्याची जागा, म्हणून 'जाणे'. रस्ता सरळ रेषेत जातो, म्हणून 'ओळ, रांग'. रस्त्याच्या कडेने दुकाने ओळीने मांडलेली असतात, म्हणून 'पेढी'. आणि ठरलेल्या वाटेने जाणे म्हणजे वागणे, म्हणून 'आचरण, कृती'.

रूपाचा आणखी एक उपयोग विद्यार्थ्याला होतो. हे चिन्ह मधोमध दुभंगून त्याच्या पोटात दुसरे अंग बसविले की नवी चिन्हे तयार होतात. नगरातील रस्त्याचे चिन्ह असे बनले आहे; रक्षणाचे आणि आदळण्याचे चिन्हही असेच. 'जुऽजुत्सु' या मल्लविद्येच्या नावातील 'जुत्सु' हे चिन्हही याच घडणीचे. त्याचा जुना अर्थ वस्तीतला रस्ता, त्यावरून रीत, आणि रीतीवरून कौशल्य. गमनचिन्हाचे डावे अंग स्वतंत्रपणेही असंख्य चिन्हांत येते आणि त्या अंगाचे जपानी नावच 'ग्योऽनिन्बेन', म्हणजे गमनचिन्हावरून पडलेले आहे.

३. वाचनांचे थर

या चिन्हाची मान्य वाचने सहा : 'कोऽ', 'ग्योऽ', 'आन्' ही तीन चिनीमूलक, म्हणजे ओन्योमि, 'इकु', 'युकु', 'ओकोनाउ' ही तीन देशी, म्हणजे कुन्योमि. चिनी चिन्ह जपानात आले तेव्हा जपानी भाषेत जाण्यासाठी व करण्यासाठी स्वतःचे शब्द होतेच. चिन्हाचा अर्थ त्या शब्दांना लावला गेला ते कुन्योमि. चिन्हाबरोबर आलेला चिनी शब्द जपानी जिभेवर जसा बसला ते ओन्योमि. मराठीच्या परिभाषेत सांगायचे तर देशी व तद्भव शब्दांचे जे स्थान, ते स्थूलमानाने कुन्योमीचे. तत्सम शब्दांचे जे, ते ओन्योमीचे. सुटा, घरगुती, क्रियापदरूप शब्द बहुधा कुन्योमीने वाचला जातो. दोन चिन्हांचा जोडशब्द बहुधा ओन्योमीने.

पण ओन्योमि एक नसून तीन का, हा विद्यार्थ्याचा खरा प्रश्न असतो. चिनी शब्द जपानात एकाच वेळी, एकाच प्रांतातून आले नाहीत, हे त्याचे उत्तर.

पहिला थर 'गो-ओन'. पाचव्या-सहाव्या शतकांत दक्षिण चीनमधील उच्चार मुख्यतः कोरियाच्या वाटेने जपानात पोचले. बौद्ध धर्म याच प्रवाहाबरोबर आला, म्हणून धर्मग्रंथांची वाचने आजही प्रामुख्याने गो-ओनमध्ये आहेत. गमनचिन्हाचे 'ग्योऽ' हे वाचन या थरातले.

दुसरा थर 'कान्-ओन'. सातव्या ते नवव्या शतकांत थांग राजवटीच्या राजधानीत गेलेले जपानी वकील, विद्यार्थी आणि भिक्षू तेथील शिष्ट उच्चार घेऊन परतले. राजदरबाराने या उच्चाराला उत्तेजन दिले. भिक्षुसंघाने मात्र आपली जुनी वाचने सोडली नाहीत. 'कोऽ' हे वाचन या थरातले.

तिसरा थर 'तोऽ-ओन'. बाराव्या-तेराव्या शतकांपासून पुढे झेन भिक्षू व व्यापारी यांच्याबरोबर आलेले सुटे शब्द, तेही मुख्यतः वस्तूंची आणि मठातील व्यवहाराची नावे. 'आन्' हे वाचन या थरातले.

संस्कृत ध्वनिविचाराची ओळख असलेल्या मराठी विद्यार्थ्याला या थरांतील संबंध सहज समजावून देता येतो. या शब्दाचा मूळ चिनी आरंभध्वनी घोष होता. दक्षिणेकडून आलेल्या गो-ओनने ते घोषत्व राखले, म्हणून 'ग'. राजधानीच्या बोलीत घोष ध्वनी दरम्यान अघोष होऊ लागले होते, म्हणून कान्-ओनमध्ये 'क'. हा नियम एका चिन्हापुरता नाही. 'मोठे' या अर्थाच्या चिन्हाची 'दाइ' आणि 'ताइ' ही वाचने, किंवा 'देवता' या अर्थाच्या चिन्हाची 'जिन्' आणि 'शिन्' ही वाचने याच नियमाची उदाहरणे होत. 'जिन्जा' म्हणजे देवस्थान आणि 'शिन्तोऽ' म्हणजे देवमार्ग. दोन्ही शब्दांत पहिले चिन्ह एकच आहे. अंत्य ध्वनीचेही तसेच. मूळ चिनी शब्दाच्या शेवटी असलेला ङकार पहिल्या दोन थरांत स्वर झाला आणि कालांतराने दीर्घ ओकारात मिसळला; तिसऱ्या थरात तो नासिक्य राहिला. म्हणून 'ग्योऽ', 'कोऽ', पण 'आन्'. ही संगती दाखविली की तीन असंबद्ध उच्चारांऐवजी एकाच शब्दाची तीन वयांतील रूपे विद्यार्थ्यापुढे उभी राहतात.

४. शब्दांतून दिसणारे थर

आता शब्द पाहू. 'कोऽ' वाचनाचे शब्द : 'र्‍योकोऽ' म्हणजे प्रवास, 'कोऽदोऽ' म्हणजे कृती, 'हिकोऽकि' म्हणजे विमान, 'गिन्कोऽ' म्हणजे बँक. यांत विद्वत्तेची व आधुनिक व्यवहाराची छटा आहे. 'गिन्कोऽ'ची चिन्हे 'रुपे' आणि 'पेढी' अशी आहेत. १८७२ च्या बँकविषयक कायद्याने हा शब्द जपानी राज्यव्यवहारात रुजला.

'ग्योऽ' वाचनाचे शब्द : 'ग्योऽरेत्सु' म्हणजे रांग अथवा मिरवणूक, 'ग्योऽजि' म्हणजे ठरलेला समारंभ, 'ग्योऽगि' म्हणजे वागण्याची रीत, 'ग्योऽसेइ' म्हणजे राज्यकारभार, 'शुग्योऽ' म्हणजे साधना, 'ग्योऽजा' म्हणजे तपस्वी. येथे नेमलेपणाची, विधीची आणि अनुशासनाची छटा दिसते. पण ती कल आहे, नियम नव्हे. 'कृती' हा अर्थ दोन्ही गटांत आहे. 'ओळ' हा अर्थ 'ग्योऽ'मध्ये, तर ओळीवरूनच निघालेला 'पेढी' हा अर्थ 'कोऽ'मध्ये सापडतो. चिनी भाषेत आजही 'जाणे-करणे' या अर्थी 'शिंग' आणि 'ओळ-पेढी' या अर्थी 'हांग' असा अर्थानुसारी भेद आहे. जपानीत तो भेद उरला नाही. तेथे भेद आहे तो शब्द कोणत्या काळी, कोणाच्या हातून आला याचा. अर्थ कळला म्हणजे वाचन कळले, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

'आन्' वाचनाचे शब्द मोजके. 'आन्दोन' म्हणजे कागदाने मढविलेला दिवा. तो मुळात हाती धरून न्यावयाचा होता, पुढे घरात एका जागी ठेवला जाऊ लागला, तरी नावातले 'जाणे' तसेच राहिले. 'आन्का' म्हणजे निखारे घालून अंथरुणात ठेवावयाची फिरती शेगडी. आणि 'आन्ग्या' म्हणजे भिक्षूचे पायी भ्रमण. बाशोने १६८९ साली उत्तरेकडे केलेल्या प्रवासाचे जे वृत्त लिहिले, त्यात त्याने आपल्या प्रवासाला हाच शब्द योजला आहे. येथे 'र्‍योकोऽ' हा शब्द चालला नसता. दोहोंतही गमनचिन्ह आहे, दोहोंचाही कोशातील अर्थ 'प्रवास' होऊ शकतो. परंतु 'आन्ग्या' शब्दामागे झेन मठांची परंपरा उभी आहे. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द शोधायचा तर 'सहल' वा 'प्रवास' यांपेक्षा महानुभावांचे 'अटन' अधिक जवळचे ठरेल. दोन परंपरांचा ऐतिहासिक संबंध येथे सुचवावयाचा नाही. भ्रमण हेच आचाराचे अंग मानणारी दृष्टी दोन्हीकडे आहे, एवढेच.

देशी वाचनांतही असा सूक्ष्म भेद आहे. 'इकु' व 'युकु' दोन्हींचा अर्थ जाणे. पण 'इकु' बोलण्यातला, तर 'युकु' ग्रांथिक व काव्यात्म. मराठीत 'जाणे' आणि 'गमन करणे' यांत जे अंतर आहे, साधारण तशाच जातीचे हे अंतर.

५. जाणे आणि करणे

एकाच चिन्हात 'जाणे' आणि 'करणे' हे दोन अर्थ कसे नांदतात, याचे मराठी विद्यार्थ्याला नवल वाटू नये. 'चाल' हा आपला साधा शब्द घ्या. चाल म्हणजे पावलांची गती, चाल म्हणजे रूढी, आणि 'चालचलणूक' म्हणजे वर्तन. संस्कृत 'चर्' धातूपासून 'संचार' निघाला तसाच 'आचार'ही निघाला. 'चरण' आणि 'चारित्र्य' एकाच कुळातले. 'पंथ' म्हणजे रस्ता आणि पंथ म्हणजे संप्रदाय. 'वहिवाट' या शब्दात 'वाट' दिसते आणि त्याचा अर्थ मात्र रूढी व कारभार असा होतो. रस्त्यावरून कारभारापर्यंतचा हा प्रवास 'ग्योऽसेइ' या शब्दाने केला, तसाच 'वहिवाटदार' या शब्दानेही केला. अपरिचित चिन्ह शिकविताना शिक्षकाने मातृभाषेतील अशा साम्यस्थळांचा आधार घ्यावा. पाठांतराचे ओझे त्याने निम्मे होते.

बौद्ध परिभाषेत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. महाराष्ट्राचे वर्णन करून ठेवणारा प्रवासी म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेला ह्युएन-त्संग (सुमारे ६०२–६६४) याच्या नावावर 'प्रज्ञापारमिताहृदय' सूत्राचा चिनी अनुवाद आहे आणि जपानी मठांत तोच म्हटला जातो. या अगदी लहान सूत्रात गमनचिन्ह दोन वेगळ्या संस्कृत शब्दांसाठी आले आहे. आरंभी बोधिसत्त्वाच्या 'चर्ये'साठी, म्हणजे 'चर्' धातूसाठी. आणि पुढे पंचस्कंधांपैकी 'संस्कार' या स्कंधासाठी, म्हणजे 'सम्' उपसर्गयुक्त 'कृ' धातूसाठी. एकीकडे चालणे, दुसरीकडे करणे. चिन्हाचे हे दोनच अर्थ त्याच्या 'इकु' आणि 'ओकोनाउ' या देशी वाचनांतही आहेत. पठणात मात्र दोन्ही ठिकाणी वाचन 'ग्योऽ' असेच होते. म्हणजे वाचने वेगळी म्हणून अर्थ वेगळा, असे नाही. आणि वाचन एक म्हणून अर्थ एक, असेही नाही.

याचा अनुवादावर होणारा परिणाम पाहण्यासारखा आहे. 'हेइके मोनोगातारी' या मध्ययुगीन युद्धाख्यानाच्या आरंभवाक्यात जेतवनविहाराच्या घंटेच्या संदर्भात 'शोग्योऽ मुजोऽ' हा बौद्ध संकेत येतो. कोशातील 'ग्योऽ म्हणजे कृती' एवढ्या भांडवलावर कोणी त्याचा अनुवाद 'सर्व कृती क्षणभंगुर' असा केला, तर माणसाच्या कर्तृत्वाविषयीचे ते एक विषण्ण विधान होईल. मूळ संकेत त्याहून व्यापक आहे. तेथे 'ग्योऽ' म्हणजे संस्कार, कारणांच्या मेळातून घडलेली प्रत्येक वस्तू. परंतु 'सर्व संस्कार अनित्य' असे लिहूनही आजच्या मराठीत काम भागत नाही. कारण आपल्या वापरात 'संस्कार' म्हणजे मुंज-विवाहादी विधी किंवा मुलांवर घरी झालेले वळण. जो शब्द भारतातून जपानपर्यंत गेला, त्याचा पारिभाषिक अर्थ सामान्य मराठी वाचकाजवळ आज राहिलेला नाही. 'जे जे घडलेले, ते ते अनित्य' असा काही मार्ग अनुवादकाला काढावा लागेल. जपानी साहित्य आपल्याकडे मुख्यतः इंग्रजीच्या वाटेने आले आहे. त्या वाटेवर या शब्दाचे संस्कृत मूळ नजरेआड होते. मूळ चिन्हापर्यंत पोचणाऱ्या मराठी अनुवादकाला मात्र ते परत मिळवता येते.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनातून अध्यापनाविषयी काही सूचना निघतात.

पहिली सूचना, चिन्हाची सहा वाचने एका दिवशी देऊ नयेत. 'इकु' हे क्रियापद प्रथम द्यावे. मग 'गिन्कोऽ', 'र्‍योकोऽ' असे नित्याचे दोन-तीन शब्द. पुढे 'ग्योऽरेत्सु', 'ग्योऽजि'. आणि 'आन्' वाचन ते शब्द वाचनात येतील तेव्हा. पाठ करावयाचा तो शब्द; वाचन त्या शब्दाबरोबर आपोआप येते.

दुसरी सूचना, चिन्हापुढे लिहिल्या जाणाऱ्या काना अक्षरांकडे, म्हणजे ओकुरिगानाकडे लक्ष वेधावे. चिन्हापुढे 'कु' असेल तर 'इकु', 'उ' असेल तर 'ओकोनाउ'. मात्र भूतकाळात दोन्ही क्रियापदांची लिखित रूपे एकच होतात : 'इत्ता' म्हणजे गेला आणि 'ओकोनात्ता' म्हणजे पार पाडले. १९७३ सालच्या शासकीय नियमांनी 'ओकोनाउ'साठी एक काना अक्षर अधिक लिहिण्याची मुभा ठेवली, तिच्यामुळे हा संदेह टळू शकतो. तरीही प्रमाण लेखनात तो राहतोच आणि वाक्यावरून सोडवावा लागतो. आधी दिशादर्शक 'ए' हा प्रत्यय असेल तर 'इत्ता'. कर्मदर्शक 'ओ' असेल आणि कर्म परीक्षा, समारंभ यांसारखे असेल तर 'ओकोनात्ता'. विभक्तीवरून अर्थ लावण्याची सवय मराठी विद्यार्थ्याला असतेच.

तिसरी सूचना, लिपीविषयीची आपली धारणाही तपासून घ्यावी. देवनागरीत एका अक्षराला एकच ध्वनी, असे आपण म्हणतो. पण 'जरा थांब' यातील 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाची 'जरा' आपण वेगवेगळ्या 'ज'ने उच्चारतो. पहिला दंततालव्य, दुसरा तालव्य, लेखन एकच. 'चार' ही संख्या आणि 'गुरांना चार' यातील क्रियापद यांचेही तसेच. कोणता उच्चार करावयाचा हे आपल्याला अक्षर सांगत नाही, शब्द सांगतो. आणि 'जरा'च्या बाबतीत त्या भेदामागे तत्सम शब्दाचा वेगळा इतिहास आहे. कान्जीच्या वाचनांत हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर चालते. फरक आहे तो असा की, 'क्षेत्र' आणि 'शेत' या दोन रूपांना आपण वेगळे लिहितो, जपानी लेखन असे थर एकाच चिन्हाखाली ठेवते.

चौथी गोष्ट सूचनेपेक्षा ओळखीची खूण म्हणावी लागेल. जपानी काना अक्षरांच्या कोष्टकातील ओळीला 'ग्योऽ' म्हणतात, आणि ती लिहिली जाते ती याच गमनचिन्हाने : 'का-ग्योऽ', 'सा-ग्योऽ', 'ता-ग्योऽ'. या ओळींचा क्रम अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. 'स'चा जुना उच्चार चवर्गाजवळचा आणि 'ह'चा जुना उच्चार 'प' होता, हे ध्यानात घेतले की स्वर, कवर्ग, चवर्ग, तवर्ग, पवर्ग आणि अंतःस्थ हा आपलाच वर्णक्रम दिसू लागतो. सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकणाऱ्या जपानी भिक्षूंच्या अभ्यासातून हा क्रम तेथे रुजला. जपानी शब्दकोश उघडणारा विद्यार्थी संस्कृत परंपरेतील वर्णक्रमानेच शब्द शोधत असतो.

७. समारोप

गमनचिन्हाच्या या परीक्षणातून निघणारा निष्कर्ष असा. कान्जी चिन्हाला 'अर्थ' असतो, पण तो एक बिंदू नसून एक मार्ग असतो. आणि त्याला 'वाचने' असतात, पण ती चिन्हाची नसून त्या मार्गाने वेगवेगळ्या काळी आलेल्या शब्दांची असतात. विद्यार्थ्याने चिन्ह ओळखावे, शब्द शिकावा आणि वाचनावरून त्या शब्दाचे वय व कुळ ओळखण्याची सवय लावून घ्यावी. पुण्यासारख्या ठिकाणी जपानीच्या अध्ययनाची परंपरा चांगली रुजली आहे. तिचा भर बहुतांशी व्यवसायोपयोगी भाषेवर असणे स्वाभाविक आहे. परंतु मराठीच्या अभ्यासकाजवळ तत्सम-तद्भवांचा विवेक, वर्गवार ध्वनिविचार आणि संस्कृत-पाली परिभाषेची ओळख ही तीन साधने आधीपासूनच आहेत. जपानी साहित्य थेट मूळातून मराठीत आणावयाचे असेल, तर ही साधने कान्जीच्या अध्यापनात वापरणे ही अभ्यासक्रमाची गरज मानली पाहिजे.